बीफ-बार्ली स्ट्यू घरी कसा करायचा: मांस, बार्ली आणि वेळेचं गणित

बीफ आणि बार्लीचा स्ट्यू म्हणजे एका भांड्यात होणारं पोटभर जेवण. साहित्य साधं, कृतीही अवघड नाही, तरी बऱ्याचदा एकतर मांस चिवट राहतं नाहीतर बार्लीचा पार लगदा होतो, आणि बहुतेक वेळा दोन्हीचं कारण एकच असतं, सगळं एकदम भांड्यात घालून गॅस मोठा केलेला असतो. बीफला मऊ व्हायला अडीच तास लागतात, पॉलिश केलेली बार्ली तासाभरात होते. दोघांच्या वेळा जुळवणं हेच यातलं खरं काम आहे. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर काय करायचं ते तर सांगतेच, पण का करायचं तेही सांगते, कारण ते माहीत असलं की एखादी गोष्ट कमी-जास्त झाली तरी तुमचं तुम्हाला सावरता येतं.

सुरुवात ते ताट वाढेपर्यंत साधारण साडेतीन तास धरून चाला. यातला तास-पाऊण तासच तुमचे हात गुंतलेले असतात, बाकी वेळ भांडं त्याचं त्याचं शिजत असतं, मधूनमधून झाकण उघडून बघायचं एवढंच.

काय काय लागेल

सहा जणांना पुरेल असं माप देते. बिनहाडाचं बीफ १ किलो, पॉलिश केलेली म्हणजे पर्ल बार्ली १०० ग्रॅम (अर्धा कप), कांदे २ मोठे, गाजरं ३, सेलरीचे २ दांडे, लसूण ५ पाकळ्या, मशरूम २५० ग्रॅम, टोमॅटो पेस्ट २ टेबलस्पून, बीफचा किंवा चिकनचा कमी मिठाचा स्टॉक (हाडं-मांस उकळून गाळलेलं पाणी) दीड लिटर, रेड वाईन २०० मिली (नको असेल तर तेवढाच स्टॉक जास्त), तमालपत्र २, थाइमच्या ४-५ काड्या किंवा सुका थाइम १ टीस्पून, तेल ३ टेबलस्पून, काळी मिरी, मीठ, शेवटी घालायला १ टेबलस्पून व्हिनेगर किंवा लिंबाचा रस आणि मूठभर चिरलेली पार्सली.

भांडं जाड बुडाचं हवं, ५ ते ६ लिटरचं, घट्ट झाकण असलेलं. बिडाचं असेल तर उत्तमच, कारण ते उष्णता धरून ठेवतं आणि मांस घातल्यावर एकदम गार पडत नाही. पातळ बुडाच्या पातेल्यात हा स्ट्यू होतो, पण बार्ली खाली लागते आणि सतत राखण करत बसावं लागतं.

मांस कुठलं घ्यायचं

इथे थोडं सविस्तर बोलूया, कारण स्ट्यू चांगला होणार की नाही ते निम्मं इथेच ठरतं. महाग आणि नरम भाग घेतला तर स्ट्यू जास्त छान होईल असं वाटतं पण होतं नेमकं उलटं. टेंडरलॉइन, सरलॉइन असे भाग पटकन शिजवून खायचे, त्यात चरबी कमी आणि जोडणाऱ्या ऊती पण कमी, दोन तास रश्शात ठेवले की कोरडे, भुसभुशीत होतात. स्ट्यूला लागतो तो जनावराने भरपूर वापरलेला भाग: खांद्याचा (चक), पायाचा (शिन किंवा शँक), छातीचा (ब्रिस्केट). या भागांत कोलॅजन भरपूर असतं. कोलॅजन म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, ते साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं. हे जिलेटिन मांसाला मऊपणा देतं आणि रश्शाला असा चिकटसर गुळगुळीतपणा देतं की चमचा ओठाला लागला तरी जाणवतो. ‘हळूहळू’ हा शब्द मात्र महत्त्वाचा, नुसतं तापमान गाठून भागत नाही, तिथे तासन् तास राहावं लागतं.

माझी पहिली पसंती खांद्याच्या भागाला, कारण त्यात चरबीच्या बारीक रेषा असतात आणि तो सगळीकडे सारखा शिजतो. शिन मिळालं तर रस्सा आणखी दाट होतो पण वेळ अर्धा तास जास्त धरा. दोन्ही अर्धं अर्धं घेतलं तर फारच छान. ‘स्ट्यू मीट’ म्हणून आधीच कापून ठेवलेले तुकडे शक्यतो घेऊ नका, त्यात वेगवेगळ्या भागांची कात्रणं एकत्र असतात, त्यामुळे एक तुकडा विरघळतो आणि शेजारचा रबरासारखा राहतो. अख्खा तुकडा आणा आणि घरी कापा. हाडासकट घेत असाल तर दीड किलो घ्या, आणि हाडं शिजताना भांड्यातच राहू द्या.

कापताना ४ सेंटिमीटरचे तुकडे करा, मोठे वाटतील पण शिजल्यावर मांस बरंच आक्रसतं, वजनात चौथा हिस्सा तरी कमी होतो. लहान तुकडे केले तर भाजतानाच आतपर्यंत कोरडे पडतात. वरची जाड पांढरट चरबी काढून टाका, आणि चंदेरी चकचकीत पापुद्रा दिसला तर तोही सुरीने सोलून काढा, त्यात इलास्टिन असतं आणि ते कितीही शिजवलं तरी मऊ होत नाही. आतल्या चरबीच्या रेषा आणि पांढऱ्या शिरा मात्र ठेवा, त्याच तर हव्यात.

बार्लीचे प्रकार

पाकिटावर नीट वाचून घ्या कारण वेळ त्यावर अवलंबून आहे. पर्ल बार्ली म्हणजे वरचं टरफल आणि कोंडा पॉलिश करून काढलेली, पांढरट गोल दाणे, ४५ ते ६० मिनिटांत शिजते आणि तिचा स्टार्च रश्शात उतरून दाटपणा येतो. नुसतं टरफल काढलेली, कोंड्यासकटची बार्ली तपकिरी असते, चावायला जास्त टणक, खमंग, फायबर जास्त, पण तिला तास ते दीड तास लागतो, रात्रभर भिजवली तर जरा लवकर होते. आणि तिसरी इन्स्टंट किंवा क्विक बार्ली, आधीच वाफवून चपटी केलेली, १० मिनिटांत होते, ती घेतली तर अगदी शेवटी घाला, पण खरं सांगायचं तर या स्ट्यूत ती फार लवकर गळून जाते, घाई असेल तरच.

पुढची सगळी कृती पर्ल बार्लीची आहे. कोंड्यासकटची घेतली तर तीच कृती, फक्त बार्ली अर्धा तास आधी घालायची.

बार्ली शिजताना आकारमानाने जवळजवळ तिप्पट फुगते. अर्धा कप पाहून ‘एवढीशी काय पुरणार’ असं वाटतं आणि हात सैल सुटतो, मग संध्याकाळपर्यंत स्ट्यूची खिचडी होते. १ किलो मांसाला १०० ग्रॅम, फार तर १२५ ग्रॅम, याच्या पुढे जाऊ नका.

एक गोष्ट आधीच सांगते, बार्लीत ग्लूटेन असतं. जेवायला येणाऱ्यांत कोणाला सीलिएक डिसीज (ग्लूटेन अजिबात न चालणारा आजार) असेल तर हा स्ट्यू त्यांच्यासाठी नाही, त्यांना वेगळ्या भांड्यात बार्ली न घालता बटाटा घालून करून द्या. बाकीच्यांसाठी बार्ली चांगलीच, तिच्यात बीटा-ग्लुकन नावाचं विरघळणारं फायबर असतं जे कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतं, रोज ३ ग्रॅम पोटात गेलं तर. अर्थात एका वाढणीतून तेवढं मिळत नाही. पण त्याच फायबरमुळे रस्सा रेशमी होतो, आणि मैदा-कॉर्नफ्लोअर काहीही लागत नाही.

पहिलं काम: मीठ आणि कोरडेपणा

मांस कापून झालं की त्याला १०-१२ ग्रॅम मीठ (बारीक मीठ असेल तर जेमतेम दोन टीस्पून) आणि ताजी कुटलेली मिरी चोळून ठेवा. आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये उघडं ठेवता आलं तर सगळ्यात छान, नाहीतर निदान ४० मिनिटं तरी. मीठ लावलं की आधी मांसातून पाणी बाहेर येतं, त्या पाण्यात मीठ विरघळतं, आणि मग ते खारं पाणी परत आत शोषलं जातं. म्हणजे मीठ नुसतं वर न राहता आत जातं. मीठ लावून दहाच मिनिटांत भाजायला घेतलं तर नेमका तो ओला टप्पा सापडतो, म्हणजे एकतर लगेच भाजा किंवा पुरेसं थांबा.

भाजायच्या आधी प्रत्येक तुकडा किचन टॉवेलने टिपून अगदी कोरडा करा. कंटाळवाणं काम आहे पण टाळू नका. पाणी १०० अंशाला उकळतं, आणि मांसावर तो तपकिरी खरपूस थर यायला साधारण १४० अंशाच्या वर जावं लागतं, त्यामुळे पृष्ठभाग ओला असेल तोवर सगळी उष्णता पाणी उडवण्यातच जाते आणि मांस भाजण्याऐवजी वाफवलं जातं, करडं पडतं.

भाजणं

भांडं मध्यम-मोठ्या आचेवर चांगलं तापवा, दोन टेबलस्पून तेल घाला (सूर्यफूल, शेंगदाणा, कुठलंही चालेल, फक्त धूर लवकर सोडणारं नको), तेल हलकंसं चमकायला लागलं की तुकडे एकमेकांना न चिकटता ठेवा. सगळं मांस एकदम घालायचं नाही, तीन भाग करा. एकदम घातलं की भांडं थंड पडतं, पाणी सुटतं आणि मग ते पाणी आटेपर्यंत मांस त्यातच उकळत बसतं.

ठेवले की हलवू नका. तीन-चार मिनिटं तसेच राहू द्या. तुकडा तयार झाला की तो स्वतःहून बुडापासून सुटतो, ओढावा लागत असेल तर अजून झालेला नाही. दोन बाजू गडद तपकिरी झाल्या तरी पुरे, सहाही बाजू भाजायच्या मागे लागलात तर आतलं मांस फुकट कोरडं होतं. प्रत्येक बॅच ताटलीत काढून ठेवा, ताटलीत साठलेला रस टाकू नका, तो परत भांड्यात जाणार आहे.

भाजल्याने ‘रस आत कोंडला जातो’ असं अजूनही खूप ठिकाणी लिहिलेलं दिसतं. ते खरं नाही. एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ही कल्पना लोकप्रिय केली आणि ती तेव्हापासून चिकटून बसलीय, पण भाजलेल्या मांसातूनही रस सुटतोच, शेजारची ताटली बघा ना. भाजायचं ते चवीसाठी. प्रथिनं आणि साखर यांच्यात उष्णतेने जी प्रक्रिया होते ती लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली आणि त्याच्याच नावाने ती ओळखली जाते, त्यातून शेकडो नवे स्वाद तयार होतात. रश्शाचा गडद रंग आणि खोल चव ही मुख्यतः इथूनच येते, नंतर कुठला मसाला घालून ती आणता येत नाही. म्हणून या पायरीला पंचवीस मिनिटं लागली तर लागू द्या.

बुडावर तपकिरी थर जमेल, तो हवाच आहे. पण काळा व्हायला लागला, करपल्याचा वास आला तर लगेच दोन चमचे पाणी घालून खरवडा आणि ते पाणी मांसाच्या ताटलीत ओता. खरोखरच करपलं असेल तर मात्र भांडं धुऊन घ्या, तो कडूपणा पुढे तीन तास रश्शात मुरतो.

कांदा, भाज्या आणि टोमॅटो पेस्ट

आच मध्यम करा. उरलेलं एक टेबलस्पून तेल घालून आधी मशरूम, जाडसर कापलेले. ते पाणी सोडतील, ते आटू द्या, कडा तपकिरी झाल्या की काढून ठेवा. मशरूम अनेक जण वगळतात पण मी आग्रहाने सांगेन की घालाच, त्यात ग्लुटामेट हा चव खुलवणारा घटक असतो, बीफसोबत तो आला की मांसाची चव आणखी जाणवते. सुके मशरूम असतील तर ८-१० गरम पाण्यात भिजवा, तेही चिरून घाला आणि ते पाणी गाळून स्टॉकमध्ये मिसळा.

आता बारीक चिरलेला कांदा, बारीक चिरलेली सेलरी आणि तीनातलं एक गाजर, तेही बारीक. उरलेली दोन गाजरं बाजूला ठेवा, त्यांची पाळी नंतर. हे बारीक गाजर शिजून रश्शात विरघळून जाणार आहे, ते गोडव्यासाठी, आणि नंतरचं खाण्यासाठी. चिमूटभर मीठ घालून आठ-दहा मिनिटं परता. कांद्याला सुटलेल्या पाण्याने बुडाचा थर आपोआप सैल व्हायला लागतो, लाकडी उलथन्याने खरवडत राहा. मग ठेचलेला लसूण, अर्धा मिनिट.

मग टोमॅटो पेस्ट. ही नुसती मिसळून पुढे जायचं नाही, कांदा बाजूला सारून पेस्ट थेट बुडावर परता, दोन-तीन मिनिटं, लाल रंग जाऊन विटकरी होईपर्यंत. कच्च्या टोमॅटोचा आंबटपणा जातो आणि त्या जागी गोडसर खमंग चव येते.

वाईन घालत असाल तर आता. ओता, बुड चांगलं खरवडून घ्या, आणि निम्मी होईपर्यंत उकळा. सगळं अल्कोहोल उडून जातं असं म्हणतात पण थोडा अंश राहतोच, त्यामुळे ज्यांना अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी वाईनच्या जागी स्टॉक घ्या, आंबटपणा शेवटच्या व्हिनेगरने भरून निघतो. एक टेबलस्पून सोया सॉस किंवा वूस्टर सॉस घातला तरी छान, फक्त मग मीठ जपून.

मंद आच, आणि मंद म्हणजे किती

मांस आणि त्याचा साठलेला रस परत भांड्यात घाला. स्टॉक, तमालपत्र, थाइम. स्टॉक विकतचा असेल तर कमी मिठाचाच घ्या, रस्सा आटला की मीठ वाढतं आणि ते परत काढता येत नाही. स्टॉक नसेल तर नुसतं पाणी वापरलं तरी चालेल, मांस नीट भाजलेलं असेल तर, फक्त मग हाडाचा एखादा तुकडा सोबत टाका.

एकदा उकळी येऊ द्या, वर येणारा फेस झाऱ्याने काढा, आणि लगेच आच अगदी कमी करा. आता रश्शाकडे बघा. इथे-तिथे एखादा बुडबुडा सावकाश वर येतोय, पृष्ठभाग जेमतेम थरथरतोय, हे बरोबर. ८५ ते ९५ अंशांच्या मधे. रटरट उकळत असेल तर चूक. ‘मोठ्या आचेवर लवकर होईल’ हा सगळ्यात महागात पडणारा समज आहे, कारण खळखळून उकळलं की मांसाचे तंतू आवळून आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात, कोलॅजन विरघळेपर्यंत तंतू कोरडेठाक होतात, आणि मग असं मांस मिळतं जे तुटतं तर सहज पण तोंडात लाकडाच्या भुशासारखं लागतं. रश्शात बुडालेलं मांस कोरडं असू शकतं हे खरं वाटत नाही, पण होतं तसं.

झाकण पूर्ण बंद करू नका, बोटभर फट ठेवा. पूर्ण बंद केलं तर आतलं तापमान वाढून उकळायला लागतं. गॅसची सगळ्यात लहान आच पण जास्त वाटत असेल तर भांड्याखाली लोखंडी तवा ठेवा.

ओव्हन असेल तर मी ओव्हनच सुचवेन. १५० अंशाला, झाकणाला फट ठेवून. उष्णता चारी बाजूंनी येते म्हणून बुडाला लागत नाही, ढवळावं लागत नाही, आणि वरचा रस्सा हळूहळू तपकिरी होत जातो त्याने चव आणखी वाढते.

या टप्प्याला दीड तास. दीड तासाने एक तुकडा काट्याने दाबून बघा: काटा आत जाईल पण मांस अजून विरोध करेल. असं असेल तर बार्ली घालायची वेळ झाली. अजून अगदीच टणक असेल तर बार्ली घालू नका, अर्धा तास थांबा. घड्याळ बघून घालू नका, मांस बघून घाला. बार्ली एकदा आत गेली की पुढे तासभरच हातात आहे, त्यात मांस पूर्ण व्हायलाच हवं.

बार्ली आत

बार्ली थंड पाण्यात दोन-तीनदा धुवा, गढूळ पाणी जाईपर्यंत, नाहीतर रस्सा पिठूळ होतो. निथळून, एका छोट्या कढईत चमचाभर तेलावर किंवा कोरडीच चार-पाच मिनिटं परता, भाजक्या दाण्याचा वास सुटेल, एखादा दाणा सोनेरी होईल. ही पायरी वगळली तरी स्ट्यू होतो, पण परतलेली बार्ली दाणा धरून राहते आणि खमंग लागते.

स्ट्यूवर चरबीचा थर आला असेल तर बार्ली घालण्याआधी पळीने काढून टाका, नंतर ते जमत नाही, कारण रस्सा दाट झाला की चरबी त्यातच मिसळते. मग बार्ली घाला, ढवळा, परत मंद उकळी येऊ द्या. आता दर दहा मिनिटांनी बुडापासून ढवळायचं, ओव्हनमध्ये असेल तर अर्ध्या तासाने एकदा पुरे.

बार्ली घालून अर्धा तास झाला की उरलेली गाजरं, दोन सेंटिमीटरच्या जाड तुकड्यांत, आणि परतून ठेवलेले मशरूम घाला. बटाटा हवा असेल तर तोही आत्ता, पण मग बार्ली ७५ ग्रॅमच घ्या, दोन्ही भरपूर घातलं की सगळं जड होतं. टोमॅटो आणि वाईनच्या आंबटपणामुळे गाजर-बटाटा साध्या पाण्यापेक्षा उशिरा शिजतात, वीस-पंचवीस मिनिटं नक्की लागतील.

रस्सा फार दाट व्हायला लागला तर गरम पाणी किंवा स्टॉक घाला, गार नको. किती दाट हवा? शिजत असताना तुम्हाला हवा त्यापेक्षा थोडा पातळच ठेवा, कारण गॅस बंद केल्यावरही बार्ली पाणी पीत राहते.

झालं हे कसं ओळखायचं: मांसाचा तुकडा चमच्याच्या कडेने दाबला की फुटतो, आणि बार्लीचा दाणा फुगलेला, मऊ, पण चावताना मधोमध किंचित जाणवतो.

शेवटचे हात

गॅस बंद, तमालपत्र आणि थाइमच्या काड्या काढून टाका, झाकण ठेवून वीस मिनिटं तसाच राहू द्या. मग चव घ्या. गरम गरम उकळत्या रश्शाची चव नीट कळतच नाही, म्हणून मीठ आत्ता ठरवायचं. मीठ बरोबर असूनही काहीतरी कमी वाटतंय, सपाट लागतंय, असं झालं तर ते बहुतेक आंबट कमी आहे. व्हिनेगर किंवा लिंबू आधी अर्धा चमचा घाला, ढवळा, परत चाखा, स्ट्यू आंबट लागायला नको, नुसती चव खुलली पाहिजे. वरून पार्सली आणि मिरी.

प्रेशर कुकर आणि स्लो कुकर

प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबाला तापमान १२० अंशाच्या आसपास जातं त्यामुळे मांस ३०-३५ मिनिटांत होतं. पण बार्ली मांसासोबत घालू नका. भाजणं-परतणं सगळं वरच्यासारखंच, स्टॉक मात्र सव्वा लिटर, कारण आटणं जवळजवळ नाहीच. मांस झालं की दाब आपोआप उतरू द्या, शिट्टी उचलून एकदम वाफ सोडलीत तर आतला रस्सा भसकन उकळतो आणि मांस कोरडं पडतं. मग बार्ली आणि गाजर घालून झाकण न लावता, साध्या मंद आचेवर पाऊण तास. बार्ली पण दाबाखालीच करायची असेल तर २० मिनिटं, पण बार्ली फेसाळते आणि वाफेचं भोक बुजू शकतं, त्यामुळे कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही.

स्लो कुकरला लो वर आठ तास. भाजणं आणि कांदा-पेस्ट परतणं आधी कढईत करून घ्याच, स्लो कुकरमध्ये काही तपकिरी होत नाही. इथे कोंड्यासकटची बार्ली उपयोगी पडते, ती सुरुवातीपासून घातली तरी दाणा टिकतो.

बिघडलं तर

मांस चिवट आहे म्हणजे जवळजवळ नेहमीच ते कमी शिजलंय. बार्ली झाली आणि मांस राहिलं अशा वेळी मांसाचे तुकडे वेगळे काढा, थोड्या रश्शात आणि पाण्यात दुसऱ्या भांड्यात (किंवा कुकरला १५ मिनिटं) शिजवून परत मिसळा, बार्ली वाचते. उलट मांस कोरडं, दोरे दोरे झालं असेल तर ते परत रसाळ होत नाही, पण काट्याने बारीक तोडून रश्शात मिसळलं तर खाताना फारसं जाणवत नाही.

खारट झालं तर बटाटा टाकून मीठ शोषलं जातं यावर विसंबू नका, बटाटा फक्त खारं पाणी पितो, उरलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. उपाय एकच, बिनमिठाचं पाणी किंवा स्टॉक वाढवा आणि थोडी वेगळी शिजवलेली बार्ली घाला. पातळ राहिलं तर झाकण काढून दहा-पंधरा मिनिटं, किंवा दोन पळ्या बार्ली काढून चेचून परत घाला. बुडाला लागलं असेल तर खरवडू नका, वरचा स्ट्यू अलगद दुसऱ्या भांड्यात काढा.

उरलेला स्ट्यू

दुसऱ्या दिवशी हा जास्त छान लागतो, चवी एकमेकांत मुरतात. पण मोठं भांडं तसंच ओट्यावर रात्रभर ठेवू नका, दाट रस्सा मधोमध तासन् तास कोमट राहतो आणि तेच जंतूंना हवं असतं. दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये, ४ अंश किंवा त्याखाली, तीन-चार दिवस टिकतो. गार झाल्यावर जिलेटिनमुळे तो थरथरता घट्ट गोळा होईल, घाबरू नका, ते चांगलं शिजल्याचं लक्षण आहे. बार्लीने उरलासुरला रस्सा पिऊन टाकलेला असेल, म्हणून गरम करताना दर वाढणीला पाव कप तरी स्टॉक किंवा पाणी घाला, मंद आचेवर, ढवळत, वाफा येऊन आतपर्यंत कडकडीत म्हणजे ७४ अंश होईपर्यंत. आणि लागेल तेवढाच गरम करा, सगळा डबा रोज गरम-गार करत बसू नका.

फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने सहज राहतो, फक्त बटाटा असेल तर तो आधी काढून घ्या, गोठून उघडला की पाणचट आणि रवाळ होतो. मोठ्या प्रमाणात करून ठेवायचा विचार असेल तर त्याहून सोपं म्हणजे बार्ली घालायच्या आधीच्या टप्प्यावर, मांस जवळजवळ मऊ झालेलं असताना गोठवा, डब्यावर तारीख लिहा, आणि खायच्या दिवशी फ्रिजमध्ये वितळवून, उकळी आणून, ताजी बार्ली आणि गाजरं घालून पुढचा एक तास शिजवा.